आजोबांच्या ट्रंकेतले कागद विद्यापीठाला द्यायचेत? मग आधी एवढं करा

आमच्या आबांचं कोल्हापुरात शाहूपुरीत गुळाचं अडत दुकान होतं. दुकान बंद होऊन जमाना झाला, पुढं घराची पण वाटणी झाली, आणि माळ्यावरच्या दोन पत्र्याच्या ट्रंका आणि एक पोतं तेवढं कुणाच्याच वाट्याला जाईना. आत्त्या म्हणाली, "काय करणारायस त्या कागदांचं? वाळवी लागायच्या आधी रद्दीत घाल जा." मी म्हटलं आत्त्या, थांब जरा, एकदा बघू तरी दे. उघडून बघितलं तर कीर्द-खतावण्या, कार्डं, इनलँड लेटरं, तालमीच्या वर्गणीच्या पावत्या, खासबागेतल्या कुस्त्यांची हँडबिलं, लग्नपत्रिका आणि एका बासनात मोडीतले कागद. त्यातलं बहुतेक सगळं आता शिवाजी विद्यापीठाच्या संग्रहात नीट नंबर पडून बसलंय. याला दीड वर्ष लागलं आणि मधे आमच्या हातून चुका पण झाल्या, त्यातल्या काही आता दुरुस्त होणार नाहीत, म्हणून हे सविस्तर लिहितोय. कोल्हापुरात अशा ट्रंका घरोघरी आहेत हे मला माहितीये.

सगळ्यात आधी डोक्यातनं एक गोष्ट काढून टाका, की "आमच्याकडं काय महत्त्वाचं नाही, आम्ही काय सरदार होतो का". सरदारांचे आणि दरबाराचे कागद बऱ्यापैकी जपले गेलेत. करवीर संस्थानचं दप्तर राज्य सरकारच्या कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहे. शिवाजी विद्यापीठ १९६२ ला सुरू झालं तेव्हाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार स्वतःच इतिहासाचे अभ्यासक होते आणि ताराबाईंच्या काळातली कागदपत्रं त्यांनी संपादित करून विद्यापीठातर्फे छापली. म्हणजे ती बाजू सांभाळणारी माणसं होती. सांभाळायचं राहिलंय ते आपल्यासारख्यांचं. आता बघा, शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा आरक्षणाचा जाहीरनामा कुठल्याही अभ्यासकाला मिळतो, १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, १९०८ ला मिस क्लार्क बोर्डिंग निघालं हे पण छापील आहे, पण त्या बोर्डिंगात राहणाऱ्या एखाद्या पोराला गावाकडनं पीठ-मीठ कोण पोचवत होतं, सुट्टीत तो चालत घरी जायचा का, हे फक्त त्यानं बापाला लिहिलेल्या पत्रात सापडणार, आणि ते पत्र कुणाच्या तरी माळ्यावरच असणार. आमच्या आबांच्या कीर्दीत कुठल्या गावच्या शेतकऱ्याचे किती रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, आल्या, सौद्यात काय दर निघाला, अडत-हमाली किती कापली आणि उचल किती दिली हे रोजच्या रोज लिहिलेलं आहे, वर्षानुवर्षं. आबांना तो नुसता हिशोब होता. आज एखाद्या अर्थशास्त्राच्या पोरानं ते मांडलं तर ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात शेवटी काय राहत होतं ते कळेल.

तर मग सुरुवात कशी करायची. ट्रंक उघडली की काहीही हलवायच्या आधी मोबाईलनं फोटो काढा. वरनं एक, मग एकेक थर काढत जाल तसा प्रत्येक थराचा. कुठलं गाठोडं कशाखाली होतं, कुठल्या वहीत कुठली चिठ्ठी होती, कुठल्या पाकिटात दोन पत्रं एकत्र घडी घालून ठेवली होती, हे सगळं तसंच्या तसं राहू द्या. संग्रहाचं काम करणारी माणसं यालाच मूळ क्रम म्हणतात आणि त्यांच्या दृष्टीनं तो कागदाइतकाच मोलाचा असतो. माझी पहिली चूक इथंच झाली. मी उत्साहाच्या भरात सगळी पत्रं बासनातनं, वह्यांतनं काढली आणि तारखेप्रमाणं लावली, मला वाटलं सोपं होईल. नंतर विद्यापीठातल्या मॅडमनी विचारलं की ही उधारीची पत्रं कुठल्या वर्षाच्या खतावणीत होती? मला सांगता येईना. आबांनी ज्या खात्याचं पत्र त्या खात्याच्या पानात घालून ठेवलेलं असणार, तो दुवा मी तोडला, आणि आता तो कुणालाच जोडता येणार नाही. त्यामुळं हात जोडून सांगतो, लावालावी करू नका, नंबर द्या फक्त.

नंबर द्यायचा तो मूळ कागदावर नाही. प्रत्येक गाठोडं, वही किंवा पाकीट याला एक कोऱ्या कागदाची चिठ्ठी लावा, मऊ शिसपेन्सिलीनं नंबर टाका, आणि तोच नंबर वहीत किंवा एक्सेलमध्ये लिहून पुढं माहिती भरा. आमच्या यादीतली एक ओळ अशी आहे: "ट्रंक १, गाठोडं ४. निळ्या सुतळीनं बांधलेलं. पोस्टकार्डं ३७, मराठी, बाळबोध लिपी, साधारण १९३५ ते १९४१, बहुतेक आबांच्या थोरल्या बहिणीची, तीन कार्डं कसरीनं खाल्लेली." बास, एवढं पुरतं. प्रत्येक कागद वाचत बसलात तर दहा वर्षं जातील, आणि तिकडं पण ते काही एकेका कार्डाची नोंद करत नाहीत, ग्रंथालयात जशी प्रत्येक पुस्तकाची वेगळी नोंद असते तसं इथं नसतं, इथं घराण्याचा किंवा माणसाचा संग्रह हा एक धरतात आणि त्याचं गाठोडंवार वर्णन करतात.

तारखांचा घोळ होतो. शके लिहिलं असेल तर ७८ मिळवायचे, म्हणजे शके १८३९ म्हणजे १९१७, पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंतची तारीख असेल तर ७९. फसली सन, म्हणजे जुनी महसुली कालगणना, असेल तर साधारण ५९०. खात्री नसेल तर तुमचा अंदाज लिहू नका, कागदावर जे आहे तेच उतरवा, शेजारी "बहुतेक" म्हणून तुमचं मत लिहिलं तरी चालेल.

मोडीतले कागद दिसले की लोक दोनच गोष्टी करतात, एकतर घाबरून देव्हाऱ्यात ठेवतात नाहीतर वाचता येत नाही म्हणून टाकतात. दोन्ही नको. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, त्यातनं शिकलेली बरीच माणसं आता कोल्हापुरात आहेत, पहिल्या आणि शेवटच्या ओळीवरनं पत्र आहे की खरेदीखत आहे की वसुलीचा कागद आहे एवढं ते सांगू शकतात, आणि यादीसाठी तेवढं भरपूर झालं. अजून एक, संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, त्याच्या आधीचे संस्थानी शिक्क्याचे स्टँप पेपर बरेच घरात असतात आणि तिकिटं जमवणारे त्याला पैसे देतात म्हणून काहीजण वरचा शिक्का कापून विकतात. असं कापलं की राहिलेला कागद कुठल्या सालचा, कुठल्या दरबाराचा ते सांगणारी खूणच जाते. कापू नका.

आता हे काम सगळ्यात मन लावून करा: घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करा आणि एकेक फोटो, एकेक पत्र दाखवत जा. पत्रात सगळे "बापू", "अक्का", "तात्या", "धाकटी" असतात, खरं नाव कुठंच नसतं. आमच्यात तर दोन बापू निघाले, एक आबांचे चुलतभाऊ आणि एक दुकानातले दिवाणजी, आणि हे आत्त्या नसती तर कुणाला कळलं नसतं. तीच आत्त्या जी रद्दीत घाल म्हणत होती, ती तीन रविवार दुपारभर बसली, कार्डावरचं अक्षर बघून "हे तिचंच, ती ळ असाच काढायची" म्हणून रडली, आणि कोण कुणाचं कोण ते सगळं सांगितलं. मग त्यावरनं एक पानभर घराची माहिती लिहा, मूळ गाव कुठलं, कोल्हापुरात कधी आलात, कुठल्या पेठेत घर, धंदा काय, दुकान कधी काढलं आणि कधी बंद झालं, आणि जोडीला वंशावळ, टोपणनावांसकट. कागद नंतर कधीही चाळता येतील. सांगणारी माणसं थांबत नाहीत, म्हणून हे काम पुढं ढकलू नका.

फोटोंच्या मागं बॉलपेननं नावं लिहू नका, दाब पुढं उमटतो आणि शाई पाझरते. पाकिटावर लिहा आणि मग फोटो आत घाला. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो निघत नसतील तर ओढू नका, अख्ख्या पानाचा फोटो काढून अल्बम तसाच द्या. आणि हे कोल्हापूर आहे म्हणून वेगळं सांगतो. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली, १९२९ ला प्रभात निघाली ती पण इथंच, १९३३ ला पुण्याला गेली. त्या काळात स्टुडिओत सुतारकाम, रंगकाम, शिवणकाम करणाऱ्यांच्या घरात अजून पगाराच्या पावत्या, करार, सेटवरचे फोटो आणि कधीकधी फिल्मचे तुकडे पण असतात. १९५० च्या आधीची फिल्म बहुतेक नायट्रेटची असते, ती भयंकर ज्वालाग्राही असते, उष्णतेनं आपोआप पण पेटू शकते आणि पेटली की पाण्यानं पण विझत नाही. असा डबा घरात सापडला तर गॅस, ऊन, देव्हारा यांपासून लांब ठेवा, ओढून सोडून बघू नका आणि लगेच जाणकाराला कळवा. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती दुसऱ्या प्रकारची, ॲसिटेटची फिल्म खराब व्हायला लागलीय, तिला आग लागायची तेवढी भीती नाही, पण बाकीच्या फोटोंपासून तिला वेगळं ठेवा.

कागद देईपर्यंत घरात सांभाळायचे कसे, तर साधं आहे. लॅमिनेशन नको म्हणजे नकोच. आमच्या एका चुलतभावानं प्रेमापोटी आबांच्या नावाचा सगळ्यात जुना कागद लॅमिनेट करून आणला, आता ते प्लास्टिक काढायला गेलं तर शाई त्याच्याबरोबर येते आणि ठेवलं तर आतल्या आत कागद पिवळा पडत चाललाय. सेलोटेप पण नको, तिचा डिंक कागदात मुरून तपकिरी पट्टा पडतो. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल हळू मोकळ्या करून काढा, त्यांच्या जागी नवीन लोखंडी क्लिप लावू नका, कोऱ्या कागदाची घडी करून त्यात एकत्र ठेवा. धूळ मऊ ब्रशनं झाडा, ओल्या फडक्यानं कधीच नाही. गुंडाळायला मांजरपाट घ्या, पण दोन-तीनदा धुऊन खळ काढलेलं, कारण खळ असली की कसर येते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नका, आपल्याकडच्या पावसाळ्यात आत दमटपणा धरतो आणि बुरशी येते. कडुलिंबाचा पाला, वेखंड घालायची आपल्याकडं पद्धत आहे, घालायचंच असेल तर पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा, पानांच्या मधे नको, डाग पडतात. डांबराच्या गोळ्यांचं पण तेच. आणि भिंतीला चिकटवून, जमिनीवर ट्रंक ठेवू नका.

जमिनीवरनं आठवलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा आमचं एक पोतं खालीच होतं. जुन्या वह्या लाल कापडात बांधलेल्या होत्या, कापडाचा रंग सुटला आणि कागद गुलाबी झाले, वर आम्ही ते गच्चीवर उन्हात पसरले, त्यामुळं वाकडेतिकडे झाले आणि पानं एकमेकांना चिकटली. करायला पाहिजे होतं ते असं: भिजलेली वही ओढून उघडायची नाही, चिकटलेली पानं सोडवायची नाहीत, दोन दिवसांच्या आत बुरशी धरायला लागते म्हणून लगेच सावलीत पंख्याखाली ठेवायची, छापखान्यातनं कोरा न्यूजप्रिंट आणून सहज सुटणाऱ्या पानांच्या मधे मधे घालायचा आणि ओला झाला की बदलत राहायचा, छापील पेपर वापरायचा नाही, त्याची शाई लागते. आणि एवढं सगळं एकदम जमणार नसेल तर पिशवीत घालून सरळ डीप फ्रीजरमध्ये टाकायचं. गोठवलं की बुरशी थांबते, मग महिन्यानं सवडीनं एकेक वाळवता येतं. २००५, २०१९, २०२१ एवढे पूर आपण बघितलेत, त्यामुळं नदीकडच्या भागात राहत असाल तर हे वाचून झाल्यावर ट्रंक वरच्या मजल्यावर नेऊन ठेवा.

स्कॅनिंग. कागदासाठी ३०० डीपीआय, फोटोसाठी ६००. मोबाईलनं काढणार असाल तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद, मोबाईल वरनं सरळ धरून. फाईलचं नाव यादीतल्या नंबरनं. स्कॅन केलं म्हणून मूळ कागद टाकायचा नाही, हे सांगायला लागू नये पण सांगतो, कारण तसं केलेली घरं मी बघितलीत.

आता घरातल्यांचं. कागद तुमच्याकडं आहेत म्हणजे ते तुमच्या एकट्याचे नाहीत. काका, आत्त्या, चुलतभाऊ सगळ्यांना आधी सांगा, यादी दाखवा, आणि साध्या कागदावर का होईना सगळ्यांच्या सह्या घ्या. भाऊबंदकी असलेल्या घरात तर हे पहिलं करा, कारण कागद म्हटलं की लोकांना जमीन दिसते. त्यांना ठणकावून सांगा की चालू मालकीचे कागद, म्हणजे खरेदीखतं, वाटणीपत्र, फेरफार, कोर्टाचे निकाल, हे मूळ स्वरूपात घरातच राहणार, पाहिजे तर त्याचं स्कॅन देऊ. आमच्यात हे सांगितल्यावर अर्धा विरोध तिथंच मावळला. दुसरं, दुसऱ्यांच्या खाजगी गोष्टी असतात. आबांच्या चोपड्यांत कुणी किती कर्ज घेतलं, काय गहाण टाकलं, सगळं नावानिशी आहे आणि त्यांची नातवंडं आज आपल्या गल्लीत राहतात. असे कागद फाडून टाकू नका, पण वेगळी खूण करून ठेवा, ते ठराविक वर्षं बंद ठेवा म्हणून अट घालता येते. तिसरं लोकांना माहितीच नसतं: तुम्हाला आलेलं पत्र हा कागद तुमचा, पण त्यातल्या मजकुराचा कॉपीराईट लिहिणाऱ्याचा आणि तो गेल्यावर त्याच्या वारसांचा, आपल्या कायद्यात सर्वसाधारणपणे हयातीत छापलं असेल तर मृत्यूनंतर ६० वर्षं, नसेल तर पुढं पहिल्यांदा छापल्यापासून ६० वर्षं. म्हणून तुमच्या घरच्या माणसांनी लिहिलेल्याचे हक्क तुम्ही देऊ शकता, परक्यानं लिहिलेल्याचे नाही. देताना तसं लिहून द्या.

एवढं झालं की मग विद्यापीठ. ट्रंक रिक्षात घालून थेट सागरमाळावर जाऊ नका. आधी एक पानाचं पत्र किंवा ईमेल ग्रंथपालांच्या नावानं लिहा. शिवाजी विद्यापीठाचं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे, इतिहास विभाग आहे, शाहू महाराजांच्या काळाशी संबंध असेल तर शाहू संशोधन केंद्र पण आहे. पत्राला घराची माहिती, यादी आणि आठ-दहा चांगले फोटो जोडा. पत्रात "अत्यंत दुर्मिळ, ऐतिहासिक ठेवा" असलं काही लिहू नका, किती गाठोडी, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, कशाबद्दल, एवढं सरळ लिहिलं की समोरच्याला निर्णय घेता येतो. ते म्हणतील की येऊन बघतो, बघू द्या. नाही म्हणाले तर रागवू नका, कारण विचारा, जागा नसेल, विषय त्यांच्या कामाच्या बाहेरचा असेल. मग करवीर नगर वाचन मंदिरासारख्या १८५० पासूनच्या संस्थेकडं किंवा पुराभिलेखागारात विचारा. पण एक करा, संग्रह तोडून दोन ठिकाणी देऊ नका, फोटो इकडं आणि वह्या तिकडं केलं की दोन्ही मुकी होतात.

भेटीत विचारायचे प्रश्न मी लिहून नेले होते. कुठं ठेवणार, कपाट बंद आहे का, तिथं ओल येते का. यादी कुणाला दिसणार. बघायला कोण येऊ शकतं, फक्त पीएचडीवाले की साधा माणूस पण. आम्हाला स्कॅन मिळणार का. तुम्हाला नको असलेलं काही निघालं तर परत देणार की टाकणार. नेटवर टाकणार का. नाराज न होता उत्तरं देणारी माणसं असतील तर निर्धास्त रहा.

मग देणगीपत्र करायचं, त्याच्याशिवाय एक कागद पण सोडायचा नाही. एका ओळखीच्या घरातल्यांनी वर्षांपूर्वी एका संस्थेला तोंडी बोलण्यावर पोतंभर कागद दिले, पुढं माणसं बदलली आणि आता ते दिले होते की बघायला दिले होते हेच कुणाला सांगता येत नाही. देणगी की ठेव हे आधी ठरवा. ठेव म्हणजे मालकी तुमचीच, पण कुठलीही संस्था ठेवीवर मनापासून मेहनत आणि पैसा घालायला कचरते, आम्ही देणगीच दिली. पत्रात यादी जोडलेली पाहिजे, बंद ठेवायच्या गाठोड्यांचे नंबर आणि कुठल्या सालापर्यंत बंद ते पाहिजे, हक्कांचं पाहिजे, नको असलेलं परत करायचं कलम पाहिजे. संग्रहाला कुणाचं नाव द्यायचं ते पण तिथंच लिहा. आम्ही आबांबरोबर आज्जीचं नाव घातलं, कारण दुकानाच्या वह्या शेवटची अकरा वर्षं तिच्याच अक्षरात आहेत. हे आम्हाला यादी करतानाच कळलं, तोपर्यंत घरात कुणी बोललं नव्हतं.

न्यायचं ते मे महिन्याच्या आत, पावसाच्या आधी. पुठ्ठ्याच्या नव्या खोक्यात, उभं कोंबून नाही तर आडवं, प्रत्येक खोक्यावर आत कुठले नंबर ते लिहून. तिथं यादीशी ताडून प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, एक प्रत तुमच्याकडं, आणि तिची झेरॉक्स अजून दोन नातेवाईकांच्या घरी. पुढं काही सापडलं तर त्याच संग्रहात भर म्हणून देता येतं, फक्त नवीन नंबर पुढचे चालू करायचे. आत्त्याच्या सासरच्या घरी पण आता एक पेटी निघालीय. तिनं परवा फोन करून सांगितलं, "मी हात लावला नाही बघ, फोटो काढून ठेवलेत, तू ये."